पार्टनर शोधताय? रत्नागिरीला या!

डान्स क्लासला जाणारा एक तरी प्राणी प्रत्येक ऑफिसात असतोच. मंगळवार-गुरुवार सहा वाजले की लॅपटॉप मिटून तो सटकतो. पहिले तीन महिने सगळं झकास चालतं. मग कुणीतरी त्याच्या डोक्यात कॉम्पिटिशनचं खूळ भरवतं आणि खरी पंचाईत सुरू होते. क्लासमध्ये दर गाण्याला पार्टनर बदलता येतो, स्पर्धेत मात्र एकच लागतो. त्याची किंवा तिची उंची जुळायला हवी, तयारी जुळायला हवी, शिफ्ट जुळायला हवी आणि खिसाही! पत्रिका जुळवणं परवडलं, असं म्हणायची वेळ येते.

अशांना आमचा एक आगाऊ सल्ला. एक लाँग वीकएण्ड काढा आणि रत्नागिरीला जा. हापूस आणि समुद्र तर आहेतच. पण आणखी एक कारण आहे. स्पर्धेसाठी नाचणं म्हणजे काय, त्याला गुरू कसा लागतो, जोडीदार कसा टिकवावा लागतो आणि समोरच्याला हरवण्यासाठी किती घाम गाळावा लागतो, हे या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांना पक्कं ठाऊक आहे. फक्त तिथे त्याला बॉलरूम म्हणत नाहीत.

आधी कोच की आधी पार्टनर?

रत्नागिरीची गाडी पकडण्याआधी बॉलरूमचा फण्डा समजून घेऊ. स्पर्धेतले नाच दहा. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे 'स्टँडर्ड' पाच. सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह हे 'लॅटिन' पाच. आपली लाडकी सालसा या दहांत नाहीच! इंग्लंडातल्या ब्लॅकपूलचा डान्स फेस्टिव्हल 1920 पासूनचा, आणि बॉलरूमवाल्यांची ती पंढरी. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डान्सस्पोर्टच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली. पण 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नाचाला जागा मिळाली ती ब्रेकिंगच्या रूपात. जोड्या अजून दाराबाहेरच उभ्या आहेत.

या खेळाचा खरा नियम एकच. नंबर दोघांत मिळून एक असतो आणि तो त्याच्या पाठीवर लावलेला असतो. अंतिम फेरीत परीक्षक जोडीला क्रमांक देतात. तो छान नाचला, ती जरा कमी पडली, असा हिशेब नसतो. 1937 पासून वापरात असलेल्या 'स्केटिंग सिस्टिम'ने सगळ्या परीक्षकांचे क्रमांक जुळवून निकाल लागतो. तेव्हा जोडीदार चुकला की दोघंही गेले.

म्हणून जाणकार सांगतात, आधी कोच बघा. कोचकडे चार विद्यार्थी येत असतात. कुणाची उंची कुणाला साजेल, कुणाचा स्वभाव कुणाला झेपेल, हे त्याला आपल्याआधी दिसतं. त्याला दोन प्रश्न बिनधास्त विचारा. तुम्ही स्वतः स्पर्धेत उतरला होतात का? आणि शिकवता कुठल्या अभ्यासक्रमाप्रमाणे? 1904 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगसारख्या संस्थांच्या रीतसर परीक्षा असतात. नुसतं 'युट्यूबवर बघून बसवलंय' हे उत्तर आलं तर सरळ नमस्कार करून निघा. पार्टनर मिळतच नसेल, तर 'प्रो-अ‍ॅम' हा मधला मार्ग आहे. यात कोच स्वतःच तुमचा जोडीदार होऊन उतरतो आणि परीक्षण फक्त तुमचं होतं. खिशाला मात्र फोडणी बसते, कारण सरावापासून प्रवासापर्यंत त्याच्या वेळेचे पैसे तुमचेच.

पार्टनर मिळाला तरी लगेच 'जोडी नंबर वन' जाहीर करू नका. महिना-दोन महिने एकत्र सराव करून पाहा. आठवड्यातले कुठले दिवस, खर्च कसा वाटायचा, स्पर्धा हौसेसाठी की जिंकण्यासाठी, रजा मिळाली नाही तर काय, हे आधीच बोलून घ्या. जोड्या फुटतात त्या बहुतेक वेळा स्टेप्सवरून नाही, वेळापत्रकावरून.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. रत्नागिरीत तो पुन्हा भेटणार आहे.

राजाचं नृत्यदालन

बॉलरूमच्या शोधात रत्नागिरीत येणाऱ्याची पहिली पावलं थिबा पॅलेसकडे वळायला हरकत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 च्या युद्धात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. लाल रंगाचा, उतरत्या छपरांचा हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, म्हणजे राजाची निम्म्याहून अधिक कैद उलटून गेल्यावर. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे. लाकडी महिरपी खिडक्यांतून आत उजेड येतो. जागा अशी ऐसपैस की बूट काढून एक वॉल्ट्झ टाकावासा वाटेल. (टाकू नका. सरकारी वास्तू आहे, पहारेकरी धावत येईल.)

शहरातलं सर्वांत देखणं नृत्यदालन एका नजरकैदेतल्या माणसासाठी बांधलेलं, आणि जिल्ह्याचा खरा नाच मात्र शेणाने सारवलेल्या खळ्यात! बाजूच्या थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीवरचा सूर्यास्त बघा आणि मग गावाकडे निघा.

एका पायात चाळ

रत्नागिरी जिल्ह्याचा स्पर्धेचा नाच म्हणजे जाखडी. मुंबईने त्याला नाव दिलं बाल्या डान्स. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या आणि कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्याला शहर 'बाल्या' म्हणायचं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हाक मारणाऱ्याच्या तोंडी त्यात थोडी हेटाळणीही असायची. ज्याला हेटाळलं त्याने तेच नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापलं, हे सॉलिडच!

जुन्या पद्धतीत मधोमध गाणारे बुवा, ढोलकी किंवा मृदुंगवाला, झांजवाला आणि साथीला कोरस बसतो. भोवती आठ-दहा नाचणारे रिंगण धरतात. एका पायात चाळ, कमरेला शेला. सुरुवात संथ. मग वाकणं, उठणं, स्वतःभोवती गिरकी घेणं आणि पुन्हा रिंगणात आपल्या जागी येणं. लय वाढत जाते तसे चाळ एका ठेक्यात पडायला लागतात. आठ पायांचा मिळून एकच आवाज यायला हवा. एकाचा पाय चुकला की अख्ख्या खळ्याला ऐकू जातं. बॉलरूममध्ये एक नंबर दोघांचा, इथे एक ठेका आठ-दहांचा. 'जखडणे' या शब्दावरून जाखडी आलं अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, रिंगण बघितलं की पटते.

गणपतीत ही मंडळी रात्री घरोघरी नाचायला जातात. चहा, उसळ, थोडी बिदागी आणि पुढचं घर. पण खरी ईर्ष्या बघायची तर शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला जा. कलगी-तुऱ्याची ही कोकणी आवृत्ती. एक पार्टी शक्तीची, दुसरी तुऱ्याची. शक्तीवाल्यांच्या मते आदिमाया श्रेष्ठ, तुरेवाल्यांच्या मते शिव. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. एका बाजूचा शाहीर पुराणातलं अडचणीचं कोडं गाण्यातून घालतो आणि दुसऱ्याला आपल्या बारीत त्याचं उत्तर गाऊनच द्यावं लागतं. मधूनमधून टोमणे असतातच. नाचणाऱ्यांनी त्या नव्या गाण्यावरही तोच ठेका सांभाळायचा. निकाल बहुतेक वेळा प्रेक्षकच लावतात. 'वन्स मोअर' कुणाला आला आणि पहाटे कुणाची गाणी गुणगुणत लोक घरी गेले, यावरून.

गाण्यांच्या चाली? काही परंपरेतल्या, काही नुकत्याच हिट झालेल्या सिनेमातल्या. आता ढोलकीच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतो. टोमणे कधीकधी पुराणं सोडून थेट समोरच्याच्या घरात शिरतात, द्वयर्थी होतात, आणि मग जुनी मंडळी नाकं मुरडतात. त्यांचं चुकत नाही. कोडं सोडवायला अभ्यास लागतो, शिवी द्यायला लागत नाही.

कोच इथे गाण्यात राहतो

बॉलरूमचा कोच फी घेतो आणि स्पर्धेच्या दिवशी कडेला उभा राहतो. इथला गुरू गाण्याच्या आत असतो. शाहीर आपल्या कवनाच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव गुंफतो, बहुतेकदा स्वतःचं आणि गावाचंही. म्हणजे सामना जिंकला तर गुरूचं नाव गाजलं, आणि उत्तर चुकलं तर तेही सगळ्यांनी ऐकलं! गुरू केल्याशिवाय शाहिराला मान नाही. गुरूकडून मिळतात पुराणातले संदर्भ, जुनी कवनं, कोडी आणि ती सोडवायच्या युक्त्या. हा ठेवा वह्यांत असतो आणि त्याहून जास्त पाठांतरात.

आणि पार्टनर? तो शोधावाच लागत नाही. तो वाडीतला असतो. चुलतभाऊ, शेजारी, शाळेतला बाकावरचा दोस्त. एकमेकांच्या श्वासाची सवय लहानपणापासून झालेली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोकणातली वाडी ही बहुधा एकाच समाजाची वस्ती असते. त्यामुळे रिंगणात कोण उभं राहणार, हे पुष्कळदा जन्मानेच ठरतं. ही कला मुख्यतः कुणबी आणि इतर कष्टकरी समाजांनी जपली. आणि रिंगण कितीतरी काळ फक्त पुरुषांचं होतं. आता बायका शाहीर म्हणून उभ्या राहतात, पुरुष पार्टीला सवाल घालतात आणि प्रेक्षक त्यांच्या नावावर गर्दीही करतात.

जोडीचा अस्सल नाच

पण दोघांचा, हातात हात घालून केलेला नाच हवा असेल, तर पुरुषांचं रिंगण सोडून गौरीच्या रात्री माजघरात डोकवा. फुगडी! समोरासमोर दोघी. पायांचे चवडे जवळजवळ, हातांची कात्री घट्ट, पाठ मागे झुकलेली. आणि मग गरगर. एकीचा सगळा भार दुसरीच्या हातात. कुणी एकीने जरा ढिलं सोडलं की दोघी जमिनीवर.

बॉलरूमचे कोच ज्याला 'फ्रेम' म्हणतात आणि जी शिकवायला महिनोन्‌महिने घेतात, ती आपल्या आज्यांना शेजारणीबरोबर आपोआप जमायची. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये जोडी मिनिटाला 58 ते 60 बारच्या वेगाने फिरते. फुगडीतल्या दोघी मिनिट मोजत नाहीत, तोंडाने 'फू' करत दम टिकवतात. साधी फुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी, प्रत्येकीत तोल वेगळा. जोडीदार निवडण्याचा तिथला नियम आपल्यालाही कामाचा आहे. वजन आणि उंची जवळपास सारखी हवी, हात घामेजत असतील तर आधी पुसून घ्यायचे, आणि चक्कर यायला लागली तर वेळेवर सांगायचं. बॉलरूमच्या कुठल्याही ट्रायलला हे तीन नियम चालतील.

रजा मिळाली का?

आता तो वेळापत्रकाचा मुद्दा. जाखडीचा सराव सुरू होतो भाताची लावणी आटपली की, श्रावणाच्या आसपास. संध्याकाळी कुणाच्या तरी पडवीत ढोलकी वाजायला लागते. पण नाचणारे निम्मे पोरगे कुठे असतात? मुंबईत.

हे आजचं नाही. गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरीचा नाच दोन पायांवर उभा आहे, एक गावात आणि एक लालबाग-परळात. पायात चाळ आणि राहायलाही चाळ! गाववाल्यांच्या एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार तिथेच सराव करायचे आणि गणपतीला गावी जाऊन नाचायचे. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकली. मंडळं मात्र टिकली. गावाच्या नावाची मुंबई मंडळं अजून सामने लावतात. परळचं दामोदर नाट्यगृह हे या मंडळींचं हक्काचं ठिकाण होतं. शंभरी ओलांडलेलं हे नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा लोककलावंतांनीही आवाज उठवला. आमचा सामना आता कुठे, हा त्यांचा साधा सवाल होता.

गिरणीच्या भोंग्याची जागा आता बायोमेट्रिकने घेतलीय. पूर्वी मुकादमाकडे रजा मागायची, आता एचआरच्या पोर्टलवर टाकायची. तुमच्या टीममधला तो शांत मुलगा ऑगस्ट उजाडताच पाच दिवसांच्या रजेसाठी का कासावीस होतो, याचं उत्तर इथे आहे. घरी गणपती असतो हे तर झालंच. पण रिंगणात त्याची एक ठरलेली जागा असते. तो आला नाही तर सात जण नाचतील, ठेका लंगडा पडेल. दोन वर्षं आला नाही तर त्या जागी दुसरा उभा राहील. आणि दुसराही मुंबईलाच गेलेला असेल, तर त्या वर्षी वाडीची पार्टी उतरणारच नाही. तुरेवाले समोर नसतील तर शक्तीवाले सवाल घालणार कुणाला?

बॉलरूमच्या जोडीची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. चांगला कोच पैसे मोजून मिळतो. पार्टनर ओळखीपाळखीतून मिळतो. सरावाला दर आठवड्याला न चुकता हजर राहणारी दोन माणसं मिळवणं हेच महाकर्मकठीण. रत्नागिरीच्या पोरांनी त्यावर काढलेला उपाय साधा आहे. मंडळात नाव घातलं की रजेचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा, खर्चाची वर्गणी काढायची आणि न येणाऱ्याने आधी कळवायचं. तुमच्या पार्टनरबरोबर पहिली कॉफी प्याल तेव्हा हीच तीन कलमं टेबलावर ठेवा. उगाच 'तुला टँगो आवडतो की रुंबा' यात वेळ घालवू नका.

कधी जाल, कसे जाल?

नाच बघायला दोन मोसम. पहिला अर्थातच गौरी-गणपतीचा. घरोघरी जाखडी आणि माजघरात फुगड्या, दोन्ही याच दिवसांत. दुसरा एप्रिल-मेचा. गावोगावी सत्यनारायणाच्या महापूजा असतात आणि रात्री सामने किंवा नमन लागतं. चौकाचौकातल्या बॅनरवर 'शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले' असं दिसलं की गाव आणि वेळ टिपून घ्या. कार्यक्रम रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, तेव्हा दुपारी झोप काढून जा. शहरात सावरकर नाट्यगृहाचे कार्यक्रमही विचारून बघा. कुणाच्या घरी जाखडी बघायला गेलात तर चपला बाहेर, मोबाइलचा फ्लॅश बंद, आणि समोर आलेल्या चहाला नाही म्हणायचं नाही.

बॉलरूमच बघायचंय असा हट्ट असेल तर त्याच रेल्वेने पुढे गोव्यात उतरा. तिथल्या ख्रिस्ती लग्नांत लाइव्ह बँडवर आजी-आजोबासुद्धा वॉल्ट्झ करताना दिसतील, आणि युरोपी नाचांची छाप असलेला मांडो तर त्यांचा स्वतःचाच. रत्नागिरीहून मडगाव साधारण चार तास.

मुंबईहून रत्नागिरी रस्त्याने सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. 1998 पासून अख्खी धावणाऱ्या कोकण रेल्वेवर जनशताब्दी आहे, आणि जून 2023 पासून वंदे भारतही रत्नागिरीला थांबते. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, ते आधी बघून घ्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत फुल्ल होतात. त्यामुळे स्पर्धेची तयारी खिडकीपासूनच सुरू करा. तिकीट मिळालं नाही तर त्या शांत मुलाला विचारा. त्याच्या मंडळाने एसटीची अख्खी गाडी बुक केलेली असेल, आणि मागच्या सीटवर ढोलकी असेल.